मारिओ इतका का पळून राहिलाय?

(रामबागेतली खोली. जमिनीवर जुना टीव्ही, शेजारी पाटावर घडीचा छोटा गेम.)

इंदूरच्या रामबागेतलं हे माझ्या मामाचं घर. समोरचा हा १४ इंची टीव्ही कित्येक वर्षं माळ्यावर होता. जेल रोडवरच्या कारागिराने दोन कंडेन्सर बदलले, तेव्हा कुठे चित्र उमटलं. त्याला जोडलेला पांढरा-लाल डबा म्हणजे आमचा ‘व्हिडिओ गेम’. याखेरीज दुसरं नाव आम्हाला माहीतच नव्हतं. मुळात तो जपानच्या फॅमिकॉम या टीव्हीला जोडायच्या गेम-यंत्राची नक्कल. अस्सल फॅमिकॉम आला १९८३ मध्ये. आमच्यापर्यंत नव्वदच्या दशकात या नकला पोचल्या, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत भाड्यानेही मिळायच्या.

पाटावर आहे गेम बॉय अ‍ॅडव्हान्स एसपी. हातात धरून खेळायचं यंत्र, साल २००३, पडदा २.९ इंची.

टीव्हीवरचा खेळ आणि पुढे हातात मावलेला तोच खेळ, यांत काय बदललं? मामेभाऊ आणि मी या विषयावर गेली पंधरा वर्षं भांडतो आहोत. या वेळी ठरवलं, दोन्ही शेजारी ठेवायचे आणि मोजायचं.

(टीव्हीवर पहिली पातळी सुरू होते.)

१९८५ चा सुपर मारिओ ब्रदर्स. या चित्रात २५६ ठिपके आडवे, २४० उभे. खेळातली प्रत्येक वीट १६ ठिपक्यांची, म्हणजे पडदा १६ विटा रुंद आणि १५ विटा उंच.

हाच खेळ १९९९ मध्ये गेम बॉय कलर या एसपीच्या आधीच्या हातातल्या यंत्रावर ‘डीलक्स’ नावाने आला. ती कॅसेट एसपीमध्येही चालते, म्हणून तीच लावली आहे. तिचा पडदा १६० बाय १४४. मारिओ बारीक केलेला नाही, विटाही तेवढ्याच. फक्त खिडकी लहान झाली, १० विटा रुंद आणि ९ विटा उंच. मूळ चित्राच्या शंभर भागांतले साडेसदतीस भाग एका वेळी दिसतात.

आता पहिल्याच पातळीतली सुरुवातीची जागा बघा. प्रश्नचिन्हाचा एक ठोकळा खाली, एक वर. खालून ओळी मोजा. दोन ओळी जमिनीच्या, सहाव्या ओळीत खालचा ठोकळा, दहाव्या ओळीत वरचा. पडदा नऊ ओळींचा! टीव्हीवर जो ठोकळा आम्हाला समोर दिसायचा आणि बोलवायचा, तो इथे सुरुवातीला पडद्यात मावतच नाही. ज्याने मूळ खेळ खेळला आहे त्याला तो तिथे असल्याचं माहीत असतं. नव्या मुलाला कोण सांगणार?

तरी उंचीचं निभावून जातं. खरी अडचण रुंदीची आहे, आणि तिथे वेळेचा प्रश्न येतो.

(मोबाइलचं स्टॉपवॉच. मारिओ जागचा हलत नाही.)

भाऊ एसपी हातात घेऊन पहिल्यांदा म्हणाला होता, “अरे, हा इतका का पळून राहिलाय?” मला वाटलं, सवय नाही म्हणून. पण तो बरोबर होता.

या पातळीला वेळेचे ४०० आकडे मिळतात आणि दर २४ चित्रांमागे एक आकडा कमी होतो. अमेरिकेत आणि जपानात टीव्ही सेकंदाला ६० चित्रं दाखवायचे, म्हणजे ४०० आकडे २ मिनिटं ४० सेकंदांत संपणार. आपल्याकडे टीव्हीची पाल (PAL) पद्धत, सेकंदाला ५० चित्रं. आम्ही मारिओला सुरुवातीला उभा करून ठेवला आणि घड्याळ लावलं. ३ मिनिटं १२ सेकंद.

मग एसपीत दुसरी कॅसेट घातली. २००४ मध्ये याच जुन्या खेळाची पुन्हा काढलेली आवृत्ती. तिथे घड्याळ २ मिनिटं ४० च्या आसपास थांबलं.

माझ्यासाठी हा मोठा धक्का होता. ज्याला आम्ही ‘मूळ’ म्हणत होतो, तोच एक-षष्ठांश सावकाश चालत होता. संगीतसुद्धा. ती धून मला जशी पाठ आहे, तशी ती जपानातल्या कुणालाच पाठ नसणार.

आता हिशोब करा. पूर्ण धावताना मारिओ एका चित्राला साधारण अडीच ठिपके सरकतो. टीव्हीवर तो मधोमध आहे असं धरलं, तर पुढे १२८ ठिपके. आमच्या पन्नासच्या चालीत ते अंतर कापायला जवळपास एक सेकंद. डीलक्सच्या खिडकीत पुढे ८० ठिपके आणि चाल साठची, म्हणजे जेमतेम अर्धा सेकंद. खड्डा दिसला म्हणेपर्यंत पाय खड्ड्यात.

२००४ च्या कॅसेटमध्ये चित्र कापलं नाही, दाबलं. अ‍ॅडव्हान्सच्या पडद्याची उंची १६० ठिपकेच, त्यात सगळं बसवायचं. पुढचं जवळपास पूर्ण दिसतं, पण मारिओ बुटका आणि जाडसर झाला. मला विचाराल तर कापलेलं परवडलं. निदान माणूस माणसासारखा दिसतो.

आणि डीलक्सने एक गोष्ट दिली, ती मनापासून सांगतो. खेळ साठवता येतो. आमच्या डब्यात ती सोयच नव्हती. आठव्या जगापर्यंत पोचावं आणि लाइट जावी, हे दुःख मे महिन्यात इंदुरात राहिलेल्याला वेगळं सांगायला नको.

(रंगांची तुलना.)

सुपर मारिओ वर्ल्डबद्दल थोडंसंच. १९९० चा खेळ, अ‍ॅडव्हान्सवर जपानात २००१ च्या अखेरीस आला. रंग मुद्दाम उजळ केले, कारण पहिल्या अ‍ॅडव्हान्सच्या पडद्याला स्वतःचा उजेडच नव्हता. खिडकीशी बसून खेळायचं, मान वाकडी करून. पुढे एसपीत दिवा आला आणि तेच रंग फिकट, धुतल्यासारखे वाटायला लागले. करणाऱ्यांची चूक नाही. त्यांच्या हातात जो पडदा होता, त्याच्यासाठी त्यांनी रंगवलं.

(पुन्हा टीव्ही.)

शेवटी भावाला एसपी दिली, २००४ चीच कॅसेट. पहिल्या पातळीतला पहिला खड्डा. लहानपणी तो इथे पडद्याकडे बघायचासुद्धा नाही, धून ऐकून बटण दाबायचा. आज तीन वेळा पडला. तिन्ही वेळा बोट उशिरा आलं.

मग तो टीव्हीसमोर मांडी घालून बसला. मामी चहा घेऊन आली, तिच्याशी बोलता बोलता, मान वळवलेली असताना, त्याने तो खड्डा ओलांडला.

टीव्ही दुसऱ्या दिवशी परत माळ्यावर ठेवायचा होता. आज तिसरा आठवडा आहे, अजून तिथेच आहे.