ना लोखंड, ना कोळसा, तरी चाकूंचं गाव : तिएर

नमस्कार मंडळी. स्क्रीनवर हे जे डोंगराला चिकटलेलं गाव दिसतंय ना, एकाच्या डोक्यावर एक चढलेली घरं आणि मध्येच उभ्या-आडव्या लाकडांच्या जुन्या भिंती, ते तिएर. फ्रान्सच्या जवळजवळ मधोमध ओव्हेर्न्य भाग आहे, तिथल्या क्लेर्मों-फेराँ शहरापासून पूर्वेला साधारण ४० किलोमीटर. लोकसंख्या ११-१२ हजार, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या नगरपंचायतीएवढीच, पण फ्रान्समध्ये बनणाऱ्या चाकू-सुऱ्यांपैकी ७० टक्क्यांच्या आसपास माल या एका गावातून आणि त्याच्या आजूबाजूच्या पट्ट्यातून निघतो असं सांगतात.

आता गंमत बघा. इथे लोखंडाची खाण नाही, कोळसा नाही, पोलाद बाहेरून यायचं आणि धार लावायचे मोठे दगडसुद्धा बाहेरूनच. मग हा धंदा इथेच का? तर कॅमेरा खाली घेऊया... ही नदी, द्युरॉल. नदी काय, ओढाच म्हणा, पूर्वेच्या फोरे डोंगरातून येते आणि तिएरपाशी सपाटीवर उतरायच्या आधी एका अरुंद घळीतून धडाधड खाली कोसळते. पाणी फार नाही पण उतार जबरदस्त, आणि पाण्याचं चाक फिरवायला तेच लागतं. काठावर ओळीने पाणचक्क्या उभ्या राहिल्या, काही कागदाच्या, काही चामडं कमावणाऱ्यांच्या, पण खरं नाव काढलं ते चाकूवाल्यांनी.

क्रुसेडला, म्हणजे मध्ययुगातल्या ख्रिस्ती धर्मयुद्धांना, गेलेले सरदार ही विद्या पूर्वेकडून घेऊन आले अशी एक गोष्ट गावात सांगतात. ऐकायला छान आहे, मला काही पटत नाही. पक्कं एवढंच की मध्ययुगाच्या उत्तरार्धात इथे चाकू बनत होते आणि सोळाव्या शतकात कारागिरांच्या संघाचे नियम लिहिले गेले, प्रत्येक उस्तादाचा आपला शिक्का ठरलेला, दुसऱ्याचा शिक्का मारला तर खैर नाही.

आणि एक चाकू एक माणूस बनवायचा असं अजिबात नव्हतं. एकजण पातं ठोकणार, दुसरा भोकं पाडणार, तिसरा पोलादाला पाणी देणार, म्हणजे तापवून विझवून कडक करणार, मग धार, मग पॉलिश, मूठ करणारा वेगळा, शिंगाची हाडाची किंवा लाकडाची, आणि शेवटी सगळं जोडणारा तो आणखी वेगळा, बऱ्याचदा वर डोंगरातल्या वाडीत राहणारा शेतकरीच, शेतीतून वेळ मिळाला की घरी बसून जोडणी करायचा. म्हणजे चाकू तयार होईपर्यंत अख्खी पंचक्रोशी फिरून यायचा.

पण बघण्यासारखी गोष्ट आहे धारवाल्यांची. हा जुना फोटो नीट बघा. चाकावर एक फळी, फळीवर माणूस चक्क पालथा झोपलाय, तोंडाखाली दगडी चाक गरगर फिरतंय आणि तो दोन्ही हातांनी पातं त्यावर दाबतोय, असं दिवसभर! बसून वाकण्यापेक्षा पाठीला हे बरं, आणि झोपलं की अंगाचा जोर लावता येतो. खाली पाणी, वर ओल, हिवाळ्यात घळीत हाडं गोठवणारी थंडी, म्हणून कुत्रा पाळायचा आणि तो पायांवर येऊन झोपायचा. हो, कुत्रा, फोटोत दिसतोय बघा. दगडाचा पिवळट चिखल उडून पोटाला लागायचा म्हणून या लोकांना पिवळ्या पोटाचे असंच नाव पडलं. ऐकताना मजेशीर वाटतं पण फिरता दगड कधी तडकून फुटला तर तोंड त्याच्या बरोब्बर वर, माणूस जागच्या जागी जायचा. उन्हाळ्यात नदी आटली की चाक बंद, चाक बंद की कमाई बंद.

एकोणिसाव्या शतकात घळीत मोठाले कारखाने आले, नंतर वीज आली आणि मग नदीची गरजच संपली. चाकं सोडून सगळे हळूहळू खाली सपाटीवर गेले, जिथे ट्रक वळवायला जागा आहे. वरच्या अंगाला शेवटची पाण्यावरची धारशाळा १९७६ पर्यंत चालली, ती आज जपून ठेवलीय. खालचा एक कारखाना, धबधब्याला अगदी खेटून असलेला, ज्या जागेला नरकाचा खड्डा म्हणतात, तिथे १९८८ पासून समकालीन कलेचं केंद्र आहे. बाकीच्या बऱ्याच इमारतींची छपरं गेलीत, झाडं उगवलीत.

धंदा मात्र मेलेला नाही. लायोल नावाचा तो प्रसिद्ध घडीचा चाकू ऐकला असेल, मुठीवर माशीची नक्षी असलेला. लायोल हे दक्षिणेकडचं वेगळंच गाव, चाकू जन्मला तिथे, पण विसाव्या शतकात त्याचं बनवणं बहुतेक सगळं तिएरला आलं, आणि लायोलमध्ये पुन्हा कारखाना उघडला तो थेट १९८७ साली. त्यावरून दोन्ही गावांची जुनी खुन्नस आहे. तिएरवाल्यांनी मग १९९० च्या दशकात स्वतःच्या गावाच्या नावाचा चाकू काढला, आकार ठरलेला, बनवायचा तो याच पट्ट्यात. पॅरिसच्या टुरिस्ट दुकानातून स्वस्तातला लायोल घेणार असाल तर मात्र आधी कुठे बनलाय ते विचारा, कारण बाहेरच्या देशात बनलेला मालही त्याच नावाने आरामात विकला जातो.