अँटेना कापण्याआधी

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'गाडीचा अँटेना आखूड कसा करावा'. तिकडे येतोच. त्याआधी एक जुनं दुखणं मांडू द्या. लोक आखूड दांडी लावतात, उभ्या गाडीत जवळचं खणखणीत एफएम स्टेशन लावतात आणि जाहीर करतात, "काही फरक पडत नाही!" अहो, ते स्टेशन दांडीच्या जागी खिळा खुपसलात तरी लागेल. परीक्षा घ्यायची तर काठावर येणाऱ्या, म्हणजे जेमतेम लागणाऱ्या स्टेशनची घ्या. एक एफएमवरचं, एक मिडियम वेव्हवरचं.

एफएम साधारण 100 मेगाहर्ट्झला. तरंगलांबी 3 मीटर, तिचा पाव भाग 75 सेंटिमीटर. पाव तरंगलांबीची दांडी सिग्नल सहज पकडते. जुन्या गाड्यांची दांडी साधारण तेवढीच असायची, ती काही शोभेसाठी नव्हे. ती 20 सेंटिमीटर केलीत की रेडिएशन रेझिस्टन्स (दांडीचं लहरींशी किती जमतं त्याचं माप) 36 ओहमवरून पावणेदोनच्या आसपास उतरतो, वर शेकडो ओहमचा कपॅसिटिव्ह रिअ‍ॅक्टन्स, म्हणजे आखूडपणामुळे येणारा अडथळा. सिग्नल केबलमध्ये शिरायलाच कुरकुरतो. पण खरखर लगेच येत नाही. रेडिओ आधी गुपचूप स्टिरिओचा मोनो करतो आणि आपण स्पीकरला शिव्या घालतो. मग चालत्या गाडीत आवाज तुटक येतो. खरखर सगळ्यात शेवटी.

मिडियम वेव्हचं गणित निराळं. 1 मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी 75 मीटर. तेवढी दांडी लावून पुलाखालून जाऊन दाखवा! इथे दांडी म्हणजे फक्त 10-15 पिकोफॅरडचा कपॅसिटर, विद्युतभार साठवणारा इवलासा भाग; ही साठवण्याची क्षमता म्हणजे कपॅसिटन्स. तिने उचललेल्यातला मोठा वाटा केबलचं कपॅसिटन्सच खातं. (म्हणून जादा केबल जोडणंही वाईट.) दांडी निम्मी केली की व्होल्टेज निम्मं, तिचं कपॅसिटन्सही जवळजवळ निम्मं. रेडिओपर्यंत पोचतो पाव सिग्नल, म्हणजे 12 डेसिबलची तूट. कापणारा म्हणतो, "अर्धीच तर कापली!"

अध्यक्षांची चिठ्ठी आली, दोनच मिनिटं उरलीत. तर छापलेला विषय, घाईघाईत.

मूळ दांडीला करवत लावू नका. ती काढून डिकीत ठेवा आणि त्याच आट्यांची, बहुधा एम5 किंवा एम6, आखूड दांडी आणा. रबरी आवरणाची तर कापूच नका. आत तारेचं वेटोळं असतं, आखूडपणाची भरपाई करणारं. कापलंत की त्याची जुळलेली फ्रीक्वेन्सी वर सरकते. छतावरच्या अँटेनाच्या तळात बहुधा अ‍ॅम्प्लिफायर असतो. त्याला 12 व्होल्ट मिळतात का ते पाहा. रेडिओ बदलताना ती जोडणी राहून गेली तर लांब दांडीही मुकी. तळाचा गंज घासा, केबलची बाहेरची तारेची जाळी आणि गाडीची बॉडी यांत मीटरवर रोध 1 ओहमपेक्षा कमी यायला हवा. मग त्याच जागी, त्याच अशक्त स्टेशनवर, आधी इंजिन बंद आणि मग चालू ठेवून ऐका. इंजिन चालू केल्यावरच चिरचिर येत असेल, तर आधी अर्थिंग, म्हणजे जाळीची बॉडीशी जोडणी, तपासा.