दोन सेंटिमीटरची गाठ

(दृश्य: मंद उजेडाची खोली. सोनोग्राफीचा पडदा.)

"श्वास घ्या... आता रोखून धरा."

हे वाक्य इथे पुन्हा पुन्हा ऐकू येतं. श्वासागणिक यकृत वरखाली होतं आणि त्याच्यासोबत गाठही. गाठ कर्करोगाची, दोन सेंटिमीटरची. बरगड्यांच्या फटीतून ती जाळणारी सुई तिच्या मधोमध न्यायची आहे, तीही पोट न उघडता.

सीटी स्कॅनमध्ये ही गाठ ओळखू आली ती तिच्या रक्तपुरवठ्यामुळे. यकृताला जवळपास तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या शिरेतून मिळतं. यकृताच्या कर्करोगाची गाठ मात्र बहुतेक सगळं रक्त धमनीतूनच ओढते. म्हणून कॉन्ट्रास्ट, म्हणजे स्कॅनमध्ये रक्त उजळ दाखवणारं औषध, दिल्यावर ती आधी उजळते आणि मग बाकीचं यकृत उजळलेलं असताना काळवंडते.

(दृश्य: सुई जागेवर. पडद्यावर पांढरा ढग.)

सुईतून रेडिओफ्रिक्वेन्सी, म्हणजे फार वेगाने उलटसुलट होणारा वीजप्रवाह, सुरू झाला. टोकाभोवतीच्या पेशी ६० ते १०० अंशांपर्यंत तापतात, अक्षरशः शिजतात. हा ढग म्हणजे त्यातून उठणारे बारीक बुडबुडे. नुसती गाठ जाळून भागत नाही. भोवतीचं निदान अर्धा सेंटिमीटर यकृतही जाळावं लागतं, कारण कडेला सुटलेल्या पेशी पुन्हा वाढतात. शेजारी मोठी रक्तवाहिनी असली की वाहतं रक्त उष्णता पळवून नेतं. अशा जागी मायक्रोवेव्हची सुई बरी पडते. आतडं अगदी लगत असेल तर मध्ये ग्लुकोजचं पाणी सोडून त्याला दूर सारतात. मिठाचं पाणी (सलाइन) नाही, त्यातून वीज वाहते!

सुई बाहेर काढतानाही तापलेलीच असते. त्यामुळे वाटेतला रक्तस्राव थांबतो, पेशी मागे सांडत नाहीत.

१९८०च्या दशकात जपानमध्ये अशाच छोट्या गाठींत सुईने अल्कोहोल सोडायला सुरुवात झाली. आजची ही सुई त्याच वाटेवरची.

सिऱ्होसिसने, म्हणजे व्रण पडून कडक होण्याने, थकलेल्या यकृताला मोठी शस्त्रक्रिया अनेकदा झेपत नाही. त्या माणसासाठी ही सुई फार मोठा आधार आहे, पण गाठ लहान असेपर्यंतच. आणि यकृताच्या आत दुखणं कळतच नाही. म्हणून सिऱ्होसिस कशानेही झालेला असो, हेपटायटिस बी किंवा सी, दारू, फॅटी लिव्हर, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी हवीच. काही दुखत नसलं तरी.

(दृश्य: महिन्यानंतरचा सीटी.)

गाठीच्या जागी काळा गोल. डॉक्टर त्याच्या काठावरून हळूहळू नजर फिरवतात. कुठेही उजळलेलं नाही. फाइलवर पुढच्या स्कॅनची तारीख पडते.