फॉरमॅट मारण्याआधी

(दृश्य: डीटीपी सेंटर. टेबलावर लग्नपत्रिकांचे नमुने.)

तुळशीचं लग्न झालं, की या दुकानात पत्रिकांची घाई सुरू होते. नेमकं तेव्हाच काकांच्या कॉम्प्युटरनं मान टाकली. काम चालू असताना लाइट गेली. यूपीएसची बॅटरी आधीच बसलेली. लाइट आल्यावर विंडोज सेव्हन सुरूच होईना. विंडोजचं चिन्ह दिसायचं, स्क्रीन काळी व्हायची, पुन्हा पहिल्यापासून.

बघायला आलेला जो तो म्हणे, "काका, फॉरमॅट मारून टाका." म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्यानं टाका.

ते कसं मारणार? सगळ्या जुन्या पत्रिका श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये, युनिकोड ही आजची सामायिक पद्धत येण्याआधीच्या. फॉन्ट गेला, की 'श्री गणेश प्रसन्न'च्या जागी नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं. आणि सॉफ्टवेअरची सीडी आता चालत नाही.

(दृश्य: कीबोर्डवर बोट. काळी खिडकी उघडते.)

सुरू होतानाच एफ 8 दाबत राहिलो. 'रिपेअर युवर कॉम्प्युटर', मग 'कमांड प्रॉम्प्ट', म्हणजे कमांड टाइप करायची काळी खिडकी.

दुरुस्ती नंतर, आधी कॉपी. इथे 'नोटपॅड' टाइप केलं, की नोटपॅड उघडतं. त्यातल्या 'ओपन'मध्ये 'ऑल फाइल्स' निवडलं, की सगळे फोल्डर दिसतात. राइट क्लिक, कॉपी, आणि पत्रिका पेन ड्राइव्हवर. काका इतका वेळ उभे होते, ते तेव्हा खुर्चीत बसले.

इथे एक चकवा आहे. नेहमीचा सी ड्राइव्ह इथे बऱ्याचदा डी दिसतो. विंडोज सेव्हन टाकताना 100 एमबीचा एक राखीव कप्पा बनतो, सी हे अक्षर इथे त्याला जातं. म्हणून 'डीआयआर डी कोलन' टाइप करून विंडोजचं फोल्डर तिथेच आहे ना, ते पाहिलं.

मग चेकडिस्क ही डिस्क तपासणारी कमांड, खराब जागा शोधणारा 'स्लॅश आर' लावून. डिस्कच खराब असेल, तर तिच्यावर चांगली फाइल बसवून उपयोग नाही. याला फार वेळ लागतो. मध्येच बंद करू नका.

आता खरी कमांड, विंडोजच्या सिस्टीम फाइली तपासणारी: 'एसएफसी', स्पेस, 'स्लॅश स्कॅननाउ'. विंडोज सुरू न करता बाहेरून चालवतोय, म्हणून पुढे 'ऑफबूटडिर' (ड्राइव्ह) आणि 'ऑफविनडिर' (विंडोजचं फोल्डर) असे दोन पत्ते द्यायचे.

विंडोज आपल्या मूळ फाइलींचा साठा 'विनएसएक्सएस' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवते. एसएफसी एकेक सिस्टीम फाइल तपासते आणि बिघडलेली दिसली, की या साठ्यातली चांगली प्रत तिच्या जागी बसवते. तुमच्या फाइलींना ती हात लावत नाही. साठाच बिघडला असेल, तर मात्र तिचा इलाज चालत नाही. विंडोज 8 पासून पुढे तो साठा दुरुस्त करायला डिझम ही वेगळी कमांड आहे, 'रिस्टोअरहेल्थ'वाली. सेव्हनमध्ये ती सोय नाही.

कर्सर लुकलुकत राहिला. दुकानात कोणी बोललं नाही. मग ओळ उमटली: बिघडलेल्या फाइली सापडल्या, दुरुस्त झाल्या.

(दृश्य: डेस्कटॉप. एक पत्रिका उघडते.)

विंडोज सेव्हनचे सुरक्षा अपडेट 14 जानेवारी 2020 ला थांबले, म्हणून इंटरनेटची वायर आम्ही काढूनच ठेवली. काकांनी चष्मा वर सरकवला, 'श्री गणेश प्रसन्न' बोटानं वाचलं आणि वधूपित्याला फोन लावला: "या, प्रूफ तयार आहे."