चमचाभर वाटप
(लघु माहितीपटाचं निवेदन)

[पहाट. मालवण, दांडी किनारा. रापणीची होडी वळसा घेत किनाऱ्याकडे येते.]

मालवणचा दांडी किनारा. समोर पाण्यात सिंधुदुर्गाचा तट. होडीनं रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं, सोडून वळसा पुरा केला आणि जाळ्याचे दोन्ही दोर किनाऱ्याला लागले. आता दोन रांगा, दोन दोर. कमरेतून वाकायचं, टाचा वाळूत रोवायच्या आणि एका लयीत पाऊल पाऊल मागे सरायचं. कुणी घाई केली की जाळ्याची खालची कड उचलली जाते आणि हाताशी आलेली मासळी खालून निसटते.

पर्ससीनच्या, म्हणजे मासळीचा थवाच्या थवा वेढून उचलणाऱ्या मोठ्या जाळ्याच्या बोटी आल्यापासून रापणीला पूर्वीसारखं काही लागत नाही, असं इथे कुणीही सांगेल. तो वाद मोठा आहे, आज त्यात शिरत नाही. आज बांगडा लागलाय.

[बांगड्यांचा ढीग, जवळून. एक हात मासा उचलतो.]

हा हात वहिनींचा. तारकर्लीच्या रस्त्याला त्यांची खाणावळ आहे. नाव घ्यायचं नाही, या अटीवर त्यांनी आम्हाला चुलीपर्यंत येऊ दिलं. वाडीत सगळे त्यांना वहिनीच म्हणतात, तेव्हा आपणही तेच म्हणू. कल्ले उघडून लालभडक आहेत का बघायचं, मग अंगठ्यानं पोट दाबायचं. दाबलेली जागा लगेच भरून आली, तर मासा टोपलीत. नाहीतर परत ढिगात.

गेल्या वर्षी या वाळूतून चालताना त्या दोनदा बसायच्या. वजन ११८ किलो, रक्तात साखर, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. गणपती झाले आणि मुंबईला जाऊन त्यांनी स्लीव्हची, म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठर लहान करण्याची, शस्त्रक्रिया करून घेतली. शिमग्यापर्यंत वजन ८९ वर आलं.

आणि तिथेच अडकलं.

[वहिनी, पडवीत वजनकाट्यावर. फक्त पावलं दिसतात.]

“काटो हलणा नाय.”

[ग्राफिक: जठराची आकृती.]

ऑपरेशन थिएटरात आमचा कॅमेरा नव्हता, म्हणून हे चित्र. स्लीव्हमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग स्टेपलरनं कापून बाहेर काढतात. उरते एक अरुंद नळी. भूक लावणारं घ्रेलिन नावाचं हार्मोन मुख्यतः काढून टाकलेल्या भागातच तयार होतं. त्यामुळे पोट लवकर भरतं, आणि सुरुवातीचे महिने मुळात भूकच कमी लागते.

वजन अडकण्याची पहिली खेप बहुतेकांना तिसऱ्या आठवड्याच्या आसपास येते. शरीर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपानं साखर साठवून ठेवतं, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी धरतं. ऑपरेशननंतर खाणं जवळजवळ थांबतं तेव्हा हा साठा संपतो आणि पाणी निघून जातं. काटा धडाधड उतरतो, घरचे खूश. थोडं खाणं सुरू झालं की साठा पुन्हा भरू लागतो, पाणी परत येतं आणि काटा थांबतो. आत चरबी उतरतच असते. वहिनींची ही खेप आठवड्याभरात सरली.

शिमग्यानंतरचं अडकणं वेगळं. जड होडी वल्हवायला लागायचा तेवढा जोर हलकी होडी वल्हवायला लागत नाही. तसं ८९ किलोच्या शरीराला ११८ किलोइतकं इंधन लागत नाही. त्यात वजन उतरताना चरबीबरोबर थोडे स्नायूही जातात, आणि शरीर हिशेबापेक्षाही जास्त काटकसर करायला लागतं. जे खाणं सहा महिन्यांपूर्वी वजन उतरवत होतं, तेच आता वजन आहे तिथे धरून ठेवतं. हे बहुतेक सगळ्यांच्या बाबतीत होतं. यात कुणाचा गुन्हा नाही.

पण हे वहिनींना कुणी वेळेवर सांगितलं नाही. म्हणून त्यांनी केलं ते, जे जवळजवळ सगळेच करतात.

[वहिनी, चुलीसमोर.]

“दोन दिस पेजेच्या निवळीवर ऱ्हवलंय. तरी काय नाय.”

१९४४-४५ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांना स्वखुशीनं सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांच्या शरीराचं तापमान उतरलं, नाडी मंदावली, आणि वजन उतरण्याचा वेगही हळूहळू कमी होत गेला. उपास वाढवला की शरीर खर्च कमी करतं, हे तेव्हापासून नीट माहीत आहे. तरी वजन अडकलं की पहिला सल्ला मिळतो तो ‘अजून कमी खा’ असाच. शेजारणीकडून, नणंदेकडून आणि कधी कधी डॉक्टरकडूनही.

[स्वयंपाकघर. तव्यावर खोबरं. धूर.]

आता इकडे बघा. दुपारची गडबड. मे महिन्यातले पर्यटक, आठ टेबलं, सगळी भरलेली. एका चुलीवर वाटपासाठी कांदा-खोबरं भाजलं जातंय, दुसरीवर बांगड्याचं तिखलं, त्यात ठेचलेली तिरफळं. कढईत वडे फुगतायत. आमसुलं भिजवून नारळाच्या रसात सोलकढी होतेय. खोबरं तांबूस झालं की लगेच उतरवायचं, एक क्षण जास्त झाला तर वाटप कडू लागतं. वहिनी ते रंगावरून ओळखतात, पण खात्री करतात ती जिभेवर.

[तळहातावर वाटपाचा ठिपका.]

हा चमचाभर. मग तिखल्याचा रस. सोलकढीत मीठ बेताचं आहे का. पहिला वडा मोडून, आतून शिजलाय का. वहिनी म्हणायच्या, “मी काय्येक खाऊक नाय,” आणि ते मनापासून म्हणायच्या. ताटावर बसून त्या खरंच चार घास खायच्या.

डाएटिशियन मुंबईत, बोलणं फोनवर. तिनं काहीही मनाई केली नाही. एवढंच सांगितलं, की जेव्हा जेव्हा चव बघाल, तेव्हा तेवढंच एका वाटीत काढून ठेवा.

[रात्र. ओट्यावर स्टीलची वाटी, जवळून.]

ही ती वाटी. तळाला वाटप, त्यावर रसाचा तवंग. वड्याचे तीन तुकडे. सोलकढी जवळजवळ अर्धा कप. गिऱ्हाइकाच्या पोरासाठी केलेल्या शेवयांच्या खिरीचे दोन चमचे, काजूचे तुकडे. ओल्या खोबऱ्यात शंभर ग्रॅमला साधारण ३५० कॅलरी असतात, आणि इथे तर सगळंच खोबऱ्यात बुडालेलं. वहिनी वाटीकडे बघून हसल्या. कॅमेरा बंद झाल्यावर काय म्हणाल्या ते इथे सांगण्यासारखं नाही.

स्लीव्हची नळी अरुंद असते, पण पातळ आणि मऊ पदार्थ तिच्यातून सरळ खाली उतरतात. सोलकढी, खीर, चहात बुडवलेला बटर, आमरस. पोट भरल्याचं कळतच नाही. मासा, अंडं, उसळ नळीत थांबतात आणि ‘पुरे’ म्हणतात. जेवता जेवता पाणी प्यायलं तर तेही लवकर पुढे सरकतात. म्हणून जेवताना पाणी नाही, आणि जेवणानंतर अर्धा तास थांबायचं.

[ताट. भाजलेला बांगडा, काटे काढताना बोटं.]

वहिनींचं आताचं ताट. आधी बांगडा, नाचणीच्या पिठात घोळवून, तव्यावर थेंबभर तेलात. मग लाल माठाची भाजी. भात शेवटी, जागा उरली तर. बहुतेक वेळा उरत नाही. या ऑपरेशननंतर दिवसाला निदान ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं पोटात जावीत, असं सांगतात. बांगड्याच्या शंभर ग्रॅम मांसात १९-२० ग्रॅम प्रथिनं असतात. एका अंड्यात सहा. सकाळी दोन अंडी, दुपारी आणि रात्री मासा, मधल्या वेळेला कुळथाची पिठी किंवा दही. एका बैठकीत जमत नाही, म्हणून दिवसभरात चार-पाच वेळा, थोडं थोडं, सावकाश चावून.

पहिल्या महिन्यात गिळणंच अवघड होतं, तेव्हा प्रोटीन पावडरीला पर्याय नव्हता. पण ज्या किनाऱ्यावर पहाटे बांगडा जिवंत उड्या मारतो, तिथल्या बाईनं वर्षभर व्हॅनिलाच्या वासाचा महागडा डबा का विकत घ्यायचा, हे आम्हाला कळलेलं नाही.

[मागची पडवी. वहिनी खुर्चीतून उठ-बस करतात. हातात वाळू भरलेल्या बाटल्या.]

दुसरी गोष्ट स्नायूंची. चालणं त्या आधीपासून करत होत्या. आता त्यात भर पडली ती खुर्चीवरून हात न टेकता उठण्याची, भिंतीला रेटून केलेल्या जोरांची आणि या बाटल्यांची. एकदा रापणीचा दोरही धरला. ती दृश्यं सुंदर आली आहेत, ती तुम्ही बघताच आहात, पण खरा व्यायाम हा इथला, पडवीतला, कंटाळवाणा.

काटा आता आठवड्यातून एकदाच, सोमवारी सकाळी. त्याच्या जोडीला शिंप्याची टेप. वजन अडकलेलं होतं त्या काळातसुद्धा कंबर चार सेंटिमीटरनं उतरली होती. ते कुणी मोजलंच नव्हतं.

[कुडाळ स्टेशन. गाडी फलाटात शिरते.]

मालवणहून जवळचं स्टेशन कुडाळ. तपासणीसाठी मुंबईला जायचं म्हणजे जाण्यायेण्यात दोन दिवस आणि ऐन हंगामात खाणावळ बंद. ऑपरेशन एका दिवसाचं असतं, पाठपुरावा आयुष्यभराचा. जाहिरातीत पहिलंच दिसतं. बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व कायम घ्यावं लागतं, रक्त नियमित तपासावं लागतं, आणि हे सुटलं तर पंडुरोग, हातापायांना मुंग्या, हाडं ठिसूळ. वजन बराच काळ अडकून राहिलं तर थायरॉइडही बघून घ्यायचा. वजन साधारण वर्ष-दीड वर्षात सगळ्यात खाली येतं, नंतर अनेकांचं थोडं परत वाढतं. स्वीडनमध्ये १९८७ पासून हजारो रुग्णांवर चाललेल्या पाहणीत हेच दिसलं.

आमचं चित्रीकरण संपल्यावर, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात वहिनींचा काटा ८७ वर आला.

[पाऊस. ओढून वर घेतलेल्या होड्या, झापांनी झाकलेल्या.]

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, आणि उसळलेल्या दर्यात होडी कोण घालणार? ताजी मासळी दुर्मीळ. मग सुका बांगडा, सुकी सुंगटं, कुळीथ, अंडी. सुकी मासळी दोन पाण्यांतून काढून, मीठ उतरवून. हा सगळा बेत व्हिडिओ कॉलवर ठरला. शेवटी वहिनींनी गणपतीचं विचारलं. मोदक चालेल का?

“एक,” डाएटिशियन म्हणाली. “उकडीचा, जेवण झाल्यावर, सावकाश.”

[वहिनी, फोन हातात.]

“बारके दोन चलतले?”