नाव रुचकर, राज्य रंगाचं

मंडळी, टेबलावरचं हे सफरचंद ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. गर्द लाल, वर रुंद, खाली निमुळतं, आणि उलटं धरलं की बुडाशी हे पाच उंचवटे. रेड डिलिशस. डिलिशस म्हणजे रुचकर. काहींना हसू आलेलं दिसतंय, त्याकडे येतोच.

हे वाण कुणी मुद्दाम घडवलेलं नाही. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, पेरू गावाजवळ, जेसी हायट या शेतकऱ्याच्या बागेत हे रोप ओळ सोडून आपसूक उगवलं. त्याने छाटलं, ते फुटलं. पुन्हा छाटलं, पुन्हा फुटलं. शेवटी त्यानेच हात टेकले, असं सांगतात. फळ धरल्यावर त्याने नाव ठेवलं ‘हॉकआय’, म्हणजे आयोवाच्या माणसाचं टोपणनावच.

1893 मध्ये मिसूरीतल्या स्टार्क ब्रदर्स या रोपवाटिकेने फळांची स्पर्धा भरवली. क्लॅरेन्स स्टार्कने हे फळ चाखलं आणि तो खूश झाला. पण पाठवणाऱ्याचं नावच गहाळ! पुढच्या वर्षी हायटने पुन्हा फळं पाठवली म्हणून निभावलं. स्टार्कनी हक्क विकत घेतले आणि ‘हॉकआय’चं ‘डिलिशस’ झालं. नावाआधी ‘रेड’ लागलं ते 1914 नंतर, त्यांनीच ‘गोल्डन डिलिशस’ आणल्यावर. आडनाव एक, पण दोघांचं नातं काही नाही.

आता खरी गोष्ट. सफरचंदाची बी लावली तर आईसारखं झाड येत नाही, म्हणून कलमच करावं लागतं. पण कलमाच्या झाडावरही क्वचित एखादी फांदी वेगळी निघते. हायटचं फळ पिवळसर सालीवर लाल पट्ट्यांचं होतं. 1923 मध्ये न्यू जर्सीतल्या एका झाडाच्या एकाच फांदीवर फळं लवकर आणि पूर्ण लाल झाली. झालं! बागाईतदार अशाच फांद्या हुडकू लागले, त्यांची कलमं, त्यातून आणखी लाल कलमं. दुकानात माणूस डोळ्यांनी निवडतो, चावतो घरी जाऊन. फळ पिकण्याआधीच लाल दिसू लागलं, तोडणीची घाई झाली. साल जाड, कडवट. ती लवकर तुटत नाही आणि आतला गर पिठूळ. नुसता गोडवा, आंबटपणाची धार नाही. 1980च्या दशकात वॉशिंग्टन राज्याच्या पिकात याचा वाटा सुमारे तीन चतुर्थांश होता. 2018 मध्ये अमेरिकेतला पहिला क्रमांक ‘गाला’ नावाच्या दुसऱ्या वाणाने नेला. मला विचाराल तर फार उशिरा.

हायटचं मूळ झाड 1940च्या कडाक्याच्या थंडीत मेलं. पण त्याच्या जुन्या मुळांतून पुढे पुन्हा धुमारे फुटले. आणि ते झाड बियाण्याचं, कलमाचं नव्हे, म्हणजे मुळंही त्याचीच. त्यामुळे त्या धुमाऱ्यांवर येणारं फळ पट्ट्यांचंच, म्हणजे हॉकआय.