चार पेन्सिल सेल, आठ ओळी

साल १९८४. अमेरिकेतलं एखादं बेसबॉलचं मैदान. सामना लांबलाय, तिकडे छापखान्यात पान अडलंय आणि वार्ताहराच्या हाताशी आहे फक्त एक सार्वजनिक फोन. आजवर अशा वेळी बातमी फोनवर वाचून दाखवायची आणि पलीकडच्याने ती टाइप करून घ्यायची, अशीच रीत होती. खेळाडूंची नावं एकेक अक्षर सुटं करून सांगावी लागत.

या वार्ताहराच्या मांडीवर मात्र एक यंत्र आहे. जाडजूड वहीएवढं, वजनाला दीड किलोच्याही आतलं. टीआरएस-८० मॉडेल १०० नावाचा छोटा संगणक.

हे यंत्र मिळायचं रेडिओ शॅकमध्ये. वायरी, अँटेना, ट्रान्झिस्टर विकणारी ही दुकानं अमेरिकेत लहान गावांतही होती. मालकी टेक्ससच्या टँडी कंपनीची. १९८३ मध्ये मॉडेल १०० तिथे विक्रीला आलं. ८ केबी मेमरीचं ७९९ डॉलरला. बनवलं होतं जपानच्या क्योसेरानं. आतलं सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्टचं, आणि त्यातला बराचसा कोड खुद्द बिल गेट्स यांनी लिहिलेला.

पडदा अगदी चिंचोळा. आठ ओळी, ओळीत चाळीस अक्षरं. पण कीबोर्ड पूर्ण आकाराचा, टाइपरायटरवर हात बसलेल्या माणसाची बोटं अडखळू नयेत असा. कळ सरकवली की यंत्र तत्काळ सुरू. बंद केलं तरी लिहिलेलं जागच्या जागी. आणि हे सगळं चालायचं चार पेन्सिल सेलवर, जवळपास वीस तास! सेल संपत आले की पडद्याशेजारी छोटा लाल दिवा लागायचा. मग कोपऱ्यावरच्या दुकानातून नवे सेल आणायचे, काम पुढे चालू. आजच्या कुठल्या लॅपटॉपला हे जमतं, सांगा.

खरी करामत पुढे आहे. फोनच्या तारेवरून मजकूर पाठवणारा मोडेम यंत्रातच बसवलेला. फोनची तार थेट जोडता येत नसेल, तर रबरी वाट्यांची एक जोडी वेगळी विकत मिळे. एक वाटी रिसीव्हरच्या ऐकायच्या टोकाला, दुसरी बोलायच्या टोकाला, घट्ट दाबून बसवायची. मग यंत्र सूर काढू लागे आणि तारेवरून अक्षरं निघत. सेकंदाला साधारण तीस. तीन हजार अक्षरांची बातमी दोन मिनिटांच्या आत कचेरीत! वार्ताहरांनी या यंत्रावर जीव लावला, तो यासाठी.

१९८६ मध्ये त्याचा हलका भाऊ आला, मॉडेल १०२. पुढे वहीसारखे मिटणारे, मोठ्या पडद्याचे लॅपटॉप आले आणि यांची सद्दी संपली. रेडिओ शॅकनंही २०१५ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली.

मॉडेल १०० जपणारे हौशी लोक आजही आहेत. आपल्यासमोरचं हे यंत्र त्यांनी जपलेल्यांपैकीच एक. चार नवे पेन्सिल सेल. उजव्या कडेची कळ. करड्या पडद्यावर मेनू उमटलाय, आणि पहिल्याच नावावर, 'बेसिक' या प्रोग्रॅमिंगच्या भाषेवर, काळी पट्टी येऊन थांबलीय.